मूळ पुरुष आणि गतकुळ : चिखलीकडील शेतकरी घराण्याच्या कुलवृत्तांताचा प्रश्न

विसाव्या शतकात मराठीत कुलवृत्तांतांचे पीक चांगलेच आले. कोकणस्थ घराण्यांनी या कामी पुढाकार घेतला, सरदार-वतनदार घराणी मागोमाग आली, आणि आज कोणत्याही जुन्या ग्रंथालयात या ग्रंथांचे एक कपाट सहज भरते. या कपाटासमोर उभे राहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ज्या वर्गाने या प्रदेशातील जमीन प्रत्यक्ष कसली त्या वर्गाचा कुलवृत्तांत तेथे जवळजवळ नाही. देशमुख आहेत, देशपांडे आहेत, इनामदार आहेत, कुणबी नाही. त्याला इतिहास नव्हता म्हणून तो तेथे नाही, असे कोणी उघडपणे म्हणणार नाही. पण कुलवृत्तांताची जी पद्धती रूढ झाली ती मात्र हेच गृहीत धरून चालते. ही पद्धती शेतकऱ्याच्या घराण्याला लावली असता कोठे मोडते, आणि मोडल्यावर तिच्या जागी काय ठेवता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचा परिसर घेतला आहे. कारण तेथे या प्रश्नाच्या बहुतेक सर्व अडचणी एकत्र भेटतात.

तुलनेसाठी प्रथम थोडे दूर जाऊ. अमेरिकेत नव्या भूमीवर पहिल्याने नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची वंशावळ शोधणे हा तेथील असंख्य सामान्य कुटुंबांचा आवडता उद्योग आहे. त्याला कागदाचा आधारही भक्कम मिळतो. तेथे १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली आहे. आरंभी तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. १८५० पासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागणाऱ्यास पाच वर्षे तेथे राहून ती कसल्याचा पुरावा द्यावा लागे. त्या पुराव्याच्या फायलीत घर केवढे होते, किती एकर नांगरली, साक्षीदार कोण, हे सारे सापडते. परंतु याच शिरगणतीत १८५० आणि १८६० साली गुलामांची जी स्वतंत्र पत्रके भरली गेली, त्यांत सामान्यतः धन्याचे नाव आहे आणि गुलामाचे वय, लिंग व वर्ण एवढेच आहे. त्याचे नाव नाही. एकाच सरकारने, एकाच वर्षी, एकाच गावी केलेल्या नोंदीतून एका माणसाचा वंश शोधता येतो आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याचा येत नाही. तसेच, ज्या भूमीला कायद्याने ‘मोकळी’ म्हटले ती कोणाकडून मोकळी करून घेतली होती, हा प्रश्न त्या फायलीत उमटतच नाही. ‘पहिला शेतकरी’ ही कल्पनाच कागदाने निर्माण केलेली आहे. आपल्याकडील ‘मूळ पुरुष’ या कल्पनेचीही गोष्ट फारशी वेगळी नाही.

आता चिखलीकडे वळू. वऱ्हाडचे पूर्वापार दोन भाग मानले जातात : पूर्णेच्या खोऱ्याचा पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बालाघाट. चिखली व मेहकर हे बालाघाटचे तालुके. मेहकर हे अकबराच्या वेळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. चिखलीपासून दक्षिणेस सिंदखेडला जाधवरावांचे घराणे नांदले. १७२४ साली साखरखेर्डे येथील लढाईत निजामाने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेतील आपली सत्ता पक्की केली. पुढे वऱ्हाडात दोन धन्यांचा अंमल आला : मुलूख निजामाचा, महसुलातील हिस्सा नागपूरकर भोसल्यांचा. १८०३ च्या युद्धानंतर भोसल्यांचा हक्क गेला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. ही सनावळी येथे सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, चिखलीकडील एखाद्या घराण्याचे कागद एका दफ्तरात सापडत नाहीत. काही फारसीत, हैदराबादच्या अभिलेखागारात. काही मोडीत, नागपूरला. काही इंग्रजी अमदानीतील, जिल्ह्याच्या व तालुक्याच्या कचेरीत. पेशवे दफ्तरावर वाढलेल्या पुण्याच्या संशोधन-परंपरेला ही विभागणी अपरिचित आहे. म्हणून तिची साधनपद्धती येथे जशीच्या तशी चालत नाही.

इंग्रजी अमदानीपासून मागे जाणे हाच येथे सोयीचा मार्ग होय. १८६० नंतर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकासमोर खातेदाराचे नाव पडले. शेतकऱ्याच्या कुलवृत्तांताच्या दृष्टीने ही घटना दुधारी आहे. सामान्य कुणब्याचे नाव सलग आणि नियमित कागदावर यावयास सुरुवात येथपासून झाली, हा एक भाग. पण शेताचे नाव पुसले जाण्यासही येथूनच सुरुवात झाली. मोजणीपूर्वी शेताला नाव होते. ते कधी झाडावरून, कधी मातीवरून, कधी ते प्रथम वहीत करणाऱ्या माणसावरून पडलेले असे. आजही चिखलीकडे म्हातारा शेतकरी शेताचा क्रमांक तलाठ्याला सांगतो आणि नाव सालदाराला सांगतो. कागदावर फक्त पहिले उतरते.

खातेदाराच्या नोंदीची भाषा हा भाषाभ्यासकाच्या अधिकारातील विषय आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. पुणे-साताऱ्याकडील जुन्या कागदांत पितापुत्रसंबंध ‘बिन’ या अरबी शब्दाने दाखवितात. वऱ्हाडात, खानदेशात व मराठवाड्यात तेच काम ‘वल्द’ करतो. ‘तुकाराम वल्द सखाराम’ ही नोंद पाहताच ती कोणत्या कारकुनी परंपरेतून आली ते कळते. चिखलीस येऊन राहिलेल्या एखाद्या घराण्याच्या जवळच्या जुन्या कागदात ‘बिन’ आढळले, तर घाटाखालून वा भीमेच्या खोऱ्यातून येणे झाले असावे काय, असा प्रश्न विचारता येतो. प्रश्नच विचारता येतो. उत्तर म्हणून हा पुरावा पुरा पडत नाही, कारण शब्द कारकुनाचा असतो, कुणब्याचा नसतो. स्त्रीच्या नावापुढे कोठे ‘जोजे’, कोठे ‘भ्रतार’ येते. पहिला अरबी, दुसरा संस्कृत ‘भर्तृ’पासूनचा. दोन्हींचा परिणाम एकच : स्त्री बापाच्या नावापासून तुटते आणि नवऱ्याच्या नावाला जोडली जाते. तिचे माहेर कागदावरून नाहीसे होते.

व्यक्तिनामांचा गुंता याहून मोठा आहे. एकच माणूस सारापावतीवर ‘तुका’, खतावर ‘तुकाराम’ आणि पाटीलकीच्या कागदावर ‘तुकोजी’ असू शकतो. -आ, -जी, -बा, -राव हे प्रत्यय माणसाचे वय, ऐपत आणि लिहिणाऱ्याची मर्जी यांप्रमाणे बदलतात. कुलवृत्तांतकार यांतून कधी तीन भाऊ निर्माण करतो, तर कधी दोन चुलतभावांचा एक माणूस करतो. यात नातवाला आज्याचे नाव ठेवण्याची चाल मिसळली की ‘सखाराम वल्द तुकाराम’ आणि ‘तुकाराम वल्द सखाराम’ यांची साखळी शंभर वर्षे पुरते. तिच्यात एक कडी कमी पडली काय की जास्त झाली, हे नुसत्या नावांवरून ठरत नाही. शेताचा क्रमांक हाच येथे खरा साक्षीदार. माणसे नावाने सारखी असतील, पण सर्व्हे नंबर आणि त्याचे पडलेले हिस्से बहुधा चुकत नाहीत. वाटणीच्या वर्षी एका नंबराचे दोन झाले, तर बाप मेला किंवा भाऊ वेगळे झाले एवढे निश्चित.

काही नावे मात्र स्वतःच इतिहास सांगतात. वऱ्हाडात ‘उकर्डा’, ‘उकंडा’, ‘दगडू’, ‘धोंडू’, ‘भिका’ ही नावे सर्रास आढळतात. आधीची मुले जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये अशा हेतूने, कधी मूल उकिरड्यावर ठेवून परत उचलून, ही नावे ठेवली जात. तेव्हा एखाद्या वंशावळीत ‘उकर्डा’ आला की त्याच्याआधी एक किंवा अधिक नावे गळलेली आहेत असे समजावयास हरकत नसावी. ती गळलेली मुले कोणत्याही कागदावर नाहीत. त्यांचा एकमेव पुरावा जगलेल्या भावाचे नाव हा आहे. छापील कुलवृत्तांतात अशी नावे बहुधा ‘उत्तमराव’ किंवा ‘भिकाजीपंत’ अशा रूपात सुधारून घेतलेली दिसतात. यात नावाची शोभा होते आणि पुरावा जातो.

याला जोड म्हणून गावचा कोतवाल जी जन्ममृत्यूची नोंद ठेवी ती पाहावी. वऱ्हाड-मध्यप्रांताकडे ‘कोतवाल बुक’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. तीत तारीख, बापाचे नाव, जात, आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढेच असते. नामकरण अद्याप व्हावयाचे असल्याने मुलाचे नाव पुष्कळदा नसते. मृत्यूच्या नोंदीत वय अंदाजाने लिहिलेले, म्हणून चाळीस, पन्नास, साठ हे आकडे वारंवार येतात. कारण बहुधा ‘ताप’. १९१८ च्या मानमोडीच्या साथीचे महिने या वह्यांत पाने उलटताच दिसतात. पुढे शोध करणाऱ्यास एकाच घराच्या तीन-चार नोंदी एका आठवड्यात मिळाल्या तर त्याने आश्चर्य मानू नये. ही वही प्रशासनासाठी होती, वंशावळीसाठी नव्हती. तिच्यावर वंशावळीचा डोलारा उभारताना हा भेद विसरता कामा नये.

कागद येथे संपतो. यामागे जावयाचे तर माणसांच्या स्मृतीकडे, भाटांच्या वह्यांकडे आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळींकडे जावे लागते. त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, गया येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने आपल्या हाताने किंवा सांगून वाडवडिलांची नावे लिहिलेली असतात. हरद्वार आदी क्षेत्रांतील अशा वह्यांचे छायाचित्रण १८९४ साली स्थापन झालेल्या युटा येथील वंशावळ-संस्थेने केले, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांना विचार करावयास लावणारी आहे. उपाध्यायाच्या वहीचा मोठा गुण असा की तीत माणूस देवासमोर आपली नावे सांगत असतो. वतनाचा वाद डोक्यावर नसतो. तिची मर्यादा अशी की श्राद्धात बाप, आजा, पणजा या तीन पिढ्यांचा उच्चार लागतो आणि स्मृतीही बहुधा तेथेच थांबते. मराठीतील नातेवाचक शब्दही याची साक्ष देतात. पणजा, खापरपणजा येथपर्यंत शब्द पायरीपायरीने जातात. त्यापुढे ‘वाडवडील’ असा एकच मोठा ढीग, आणि ढिगाच्या पलीकडे एकदम ‘मूळ पुरुष’.

ही रिकामी जागा केवळ विस्मरणाची नाही. इव्हान्स-प्रिचर्डने १९४० साली नुएर लोकांविषयी दाखविले की, वंशावळीची खोली पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तेवढीच राहते. मधली नावे गळत जातात आणि आजचे सामाजिक संबंध समजावून सांगावयास जी नावे लागतात तीच उरतात. लॉरा बोहॅननने १९५२ मध्ये तिव लोकांच्या वंशावळीला समाजाची सनद म्हटले. आपल्याकडील भाटांच्या वह्या या दृष्टीने कोणी तपासल्याचे दिसत नाही. एखाद्या गावातील दोन भावकींमध्ये आज रोटीबेटीचा किंवा मानपानाचा जो संबंध आहे तोच भाटाच्या वहीत दहा पिढ्यांमागे दोन भावांचे नाते म्हणून उतरलेला आहे काय, हे पाहणे अवघड नाही. चार गावे आणि एक हिवाळा पुरेसा आहे.

भाटाच्या वहीचा दुसरा दोष सर्वांस ठाऊक आहे : ती प्रत्येकास शहाण्णव कुळांपैकी एखाद्याशी जोडते. त्याच्या जोडीला गोत्र येते. शेतकऱ्यास गोत्र विचारले असता ‘काश्यप’ हे उत्तर मिळते, कारण ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप अशी सोयीची रूढी आहे. त्यामानाने ‘देवक’ अधिक विश्वसनीय समजावे. ते लग्नाच्या व्यवहारात प्रत्यक्ष वापरले जाते, आणि जी गोष्ट वापरात असते ती फुशारकीसाठी सहसा बदलली जात नाही.

आडनावांच्या व्युत्पत्तीवरून घराण्याची उत्पत्ती काढण्याचा मोह हा या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत हट्टी दोष होय. चिखलीच्या शेजारचेच थोर उदाहरण घेऊ. सिंदखेडच्या जाधवरावांचा संबंध देवगिरीच्या यादवांशी जोडला जातो. या जोडणीत दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. ‘जाधव’ हा शब्द ‘यादव’पासून आला यात शंका नाही. शब्दारंभीच्या य-काराचा ज-कार होणे हा मराठीचा नेहमीचा नियम आहे : यव-जव, यात्रा-जत्रा, यंत्र-जाते, यज्ञोपवीत-जानवे. पण दोन स्वरांमधील द-काराचा लोप हाही तितकाच नेहमीचा नियम आहे : पाद-पाय, कदली-केळ. ‘यादव’ शब्द लोकांच्या तोंडी अखंड चालत आला असता तर त्याचे द-कारहीन रूप होणे अपेक्षित होते. तसे न होता द-कार टिकला, इतकेच नव्हे तर महाप्राण होऊन ध-कार झाला. याचा अर्थ हा शब्द अर्धतत्सम आहे : राजकुलाचे नाव म्हणून वरच्या भाषेतून तो पुन्हा पुन्हा उचलला गेला असावा. असे नाव ज्यांनी धारण केले ते सर्व त्या राजकुलाचे वंशज असले पाहिजेत असे नाही. त्या राजकुलाचे चाकर, आश्रित, अनुयायीही ते धारण करू शकतात. शब्दाचा वंश आणि माणसाचा वंश या दोन वेगळ्या रेषा आहेत.

दुसरा प्रश्न कालाचा. देवगिरीच्या हरपाळदेवाचा शेवट १३१८ च्या सुमारास झाला. लखुजी जाधवरावांचा खून त्यांच्या मुलांनातवासह १६२९ साली देवगिरीच्याच किल्ल्यात झाला. लखुजींच्या उदयापूर्वीची सुमारे अडीच शतके केवळ नावांच्या साखळीने भरलेली आहेत. जाधवरावांच्या थोरवीला या साखळीची गरज नाही. जिजाबाईंचे माहेर एवढ्याने ते घराणे महाराष्ट्राच्या इतिहासात अढळ झाले आहे. पण ज्या घराण्याची वंशावळ इतक्या काळजीने जपली गेली तिच्यातही एवढी पोकळी राहते, तर त्याच तालुक्याशेजारी जाधव आडनाव लावणाऱ्या सामान्य शेतकऱ्याला पाचशे वर्षांची अखंड वंशावळ मिळाल्यास ती आनंदाने नव्हे, सावधपणे हाती घ्यावी.

ग्रामनामांवरून पडलेल्या आडनावांची गोष्ट याहून गमतीची आहे. ‘चिखली’ हे नाव प्राकृत ‘चिक्खल्ल’ या शब्दाच्या कुळातले. जेथे काळी माती आणि पाणी तेथे चिखली. बुलढाणा जिल्ह्यात चिखली आहे, पुण्याजवळ पिंपरीला लागून आहे, गोव्यात आहे, गुजरातेत नवसारीकडे आहे. तेव्हा ‘चिखलीकर’ हे आडनाव कोणत्या चिखलीचे हे नावावरून कधीच सांगता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शेतकऱ्याचे ‘-कर’ हे आडनाव बहुधा गाव सोडल्यावरच पडते. चिखलीत राहणाऱ्या कुणब्यास चिखलीतील लोक चिखलीकर कशाला म्हणतील? तो मेहकरला किंवा जालन्याकडे जाऊन राहिला म्हणजे तेथील लोक त्याला चिखलीकर म्हणू लागतात. वतनदाराचे तसे नाही. तो आपल्या वतनाच्या गावाचे नाव त्याच गावी राहून मिरवू शकतो. म्हणून एकच प्रत्यय देशमुखाच्या घरी मालकी दाखवितो आणि कुणब्याच्या घरी स्थलांतर. आडनावांचा अभ्यास करणाऱ्यांनी, राजवाड्यांनीसुद्धा, शब्दाच्या मुळाकडे जितके लक्ष दिले तितके या वापराच्या भेदाकडे दिले नाही. राजवाड्यांची प्रतिभा अशी की तिला समोर शब्द दिसला की त्याची संस्कृत मुळी खणल्यावाचून राहवत नसे. शब्द बोलणारा माणूस दरम्यान दुसऱ्या गावी निघून गेलेला असे.

मराठीत शेतकरी-वतनदारांचे जे पूर्वकालीन कुलवृत्तांत उपलब्ध आहेत ते ‘करीना’ या नावाने. पाटीलकीचा किंवा देशमुखीचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला करीना सांगत आणि तो महजरात उतरे. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या कागदांचा उपयोग करून दाखविला. कारीच्या जेध्यांचा करीना सर्वश्रुत आहेच. त्याच घराण्याच्या शकावलीस लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धी दिली. या करीन्यांकडे इतिहासकार घटनांसाठी पाहतात. ते वाङ्मय म्हणून वाचले तर त्यांचा एक ठरीव साचा दिसतो. गाव ओस पडले होते. आमच्या मूळ पुरुषाने कौल घेतला. रान तोडले, पांढरी वसविली, काळी वाहती केली. मग दुष्काळ आला किंवा फौज आली, आमचे वडील परमुलखी गेले. मागे ज्याला मुतालिक ठेवला तोच वतन खाऊन बसला. हे सर्व खोटे असते असे नाही. ओसाड जमिनीस चढत्या साऱ्याचा ‘इस्तावा’ देऊन वसाहत करण्याची पद्धत खरी होती, दुष्काळ आणि फौजाही खऱ्या होत्या. पण साचा ठरलेला असल्याने प्रत्येक घराण्याचा आरंभ ओसाड रानातच होतो. ‘आम्ही आलो तेव्हा येथे कोणी होते’ हे वाक्य करीन्यात येऊ शकत नाही. ते आले तर वतनाचा दावा पडतो. होमस्टेडच्या फायलीत जे वाक्य नाही तेच येथेही नाही.

ते वाक्य मात्र दुसऱ्या एका शब्दात अडकून राहिले आहे : गतकुळ. ज्या कुळाचा वंश खुंटला किंवा जे परागंदा झाले त्याची जमीन ‘गतकुळी’. पुणे-नगरकडे गावची जमीन पूर्वी थळांत विभागलेली असे आणि प्रत्येक थळ मूळच्या मिरासदार कुळाचे नाव धारण करी. कुळ नाहीसे झाले तरी थळाचे नाव राही. सायक्सने दख्खनच्या जमीनधाऱ्यावरील १८३५ च्या लेखात याची नोंद केली आहे. त्याआधी १८१९ मध्ये टॉमस कोट्सने लोणी गावाचे जे तपशीलवार टिपण केले त्याच गावी, म्हणजे लोणीकंद येथे, सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने गो. स. घुर्ये पुन्हा गेले आणि १९६० साली त्यांनी जुन्या-नव्याची तुलना प्रसिद्ध केली. असे भाग्य वऱ्हाडातील गावास लाभलेले नाही. पण वर सांगितलेली शेतांची नावे हाच येथील थळझाडा होय. शेताला ज्या माणसाचे नाव आहे आणि सातबाऱ्यावर ज्याचे आहे, त्यांचे आडनाव जुळत नसेल तर तेथे एक गतकुळ पुरलेले आहे असे समजावे. कधी ते खरोखर खुंटलेले असते. कधी ते लेकीच्या रूपाने त्याच घरात नांदत असते, कारण घरजावयाने कसलेल्या जमिनीवर पुढच्या पिढीत जावयाचे आडनाव चढते. छापील वंशवृक्षात घरजावयाला जागा नसते. त्याच्यामुळे शेत टिकलेले असते, पण वृक्ष वाकडा होतो.

सालदार, भूमिहीन आणि बलुतेदार यांचे काय, हा प्रश्न कोणी विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. त्यांच्यापैकी महारवतनाचे कागद काही प्रमाणात आहेत. सालदारासाठी कोतवाल बुकातील दोन ओळी आणि सावकाराची वही याखेरीज फारसे काही नाही. शेतकऱ्याच्या कुलवृत्तांतात सालदाराचे नाव, कोणत्या साली तो घरी होता यासह नोंदवावयास कोणती अडचण आहे? वृद्ध माणसे चुलत्याच्या लग्नाचे साल विसरतात, पण ‘अमका सालदार होता त्या साली’ असे म्हणून काल बरोबर सांगतात.

या सर्व चर्चेला आज जी निकड आली आहे तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जात-पडताळणीच्या कामी वंशावळ आणि जुनी नोंद यांना कायद्याचे महत्त्व आले आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यापासून ‘कुणबी’ या एका शब्दासाठी जन्ममृत्यूच्या वह्या, खासरा पत्रके, पाहणी पत्रके यांचा शोध गावोगाव झाला. मागणीचा न्यायान्याय हा येथील विषय नव्हे. परंतु ज्या शब्दावर हा भार पडला आहे तो कसा आहे हे सांगणे भाषाभ्यासकाचे काम आहे. ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुंबिन्’पासून आला, गुजरातीतील ‘कणबी’ त्याचा भाऊ, हिंदीतील ‘कुनबा’ त्याचा जवळचा आप्त. जुन्या लेखांत कुटुंबिन् म्हणजे घरदार असलेला, जमीन कसणारा गृहस्थ. पुढे तो जातिवाचक झाला, पण धंद्याचा अर्थ त्याने सोडला नाही. ‘कुणबीक’ म्हणजे शेती, ‘कुणबावा’ म्हणजे शेतकीपणा, हे शब्द त्याच काळात सर्वांच्या तोंडी होते. तेव्हा कोतवालाने ‘कुणबी’ लिहिले ते जातीच्या रकान्यात लिहिले हे खरे, पण त्याच्या मनात दोन्ही अर्थ वेगळे होते काय? शेजारच्या गावचा कोतवाल तशाच घराला दुसरा शब्द वापरीत असेल, तर तो फरक घराण्यांचा की कोतवालांचा? एकाच लेखणीच्या सर्व नोंदी एकत्र तपासल्याखेरीज याचे उत्तर देता येत नाही. आज मात्र प्रत्येक कुटुंब आपली एक नोंद तेवढी शोधते, तिची नक्कल घेते आणि निघून जाते. वही जशी होती तशी राहते, तिची पाने मात्र हाताळणीने झिजतात.

यातून विभागाच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचे काम छोटे आहे. चिखली तालुक्यातील एक गाव घ्यावे. मोजणीच्या पहिल्या पत्रकापासून आजच्या सातबाऱ्यापर्यंत एकेक सर्व्हे नंबर खाली उतरवीत आणावा. दर नंबरासमोर शेताचे चालू नाव, ते सांगणाऱ्या दोन वेगळ्या माणसांकडून ऐकून, त्यांच्या उच्चारासह लिहावे. ‘ळ’चा ‘य’ झाला असेल तर ‘य’च लिहावा, सुधारू नये. कोतवाल बुक कोणत्या वर्षी कोणाच्या हातचे हे अक्षरावरून ठरवावे. स्त्रियांच्या माहेरांची गावे विचारून घ्यावीत, कारण ती अजून सासवांना ठाऊक आहेत आणि सुनांना ठाऊक नाहीत. ज्या पिढीस शेतांची नावे येतात ती सत्तरीच्या पुढे गेली आहे, आणि चिखलीच्या वेशीलगतची कित्येक शेते बिनशेती होऊन त्यांवर ‘नगर’ आणि ‘कॉलनी’ अशी नावे चढली आहेत. त्या फलकांखालचे जुने नाव विचारण्यापासून आरंभ केला तरी चालेल.